हौदाच्या पाण्याचा वास

सोमवार, ३ मार्च. तिसरा रोजा.

ऑफिसच्या वहीत फक्त आकडे लिहायचे असतात. तिथे रागासाठी रकाना नाही, म्हणून ही दुसरी वही काढली. नदिराची शाळेची उरलेली वही आहे. मागच्या चार पानांवर तिने खेकडे काढून ठेवलेत.

तर राग असा की मशिदीच्या हौदाचं पाणी नापास झालं. शाळा, दवाखाना, धक्का, दुकान, सगळीकडचे नमुने उत्तम. हौदाची बाटली मात्र उबेच्या पेटीतून सकाळी काढली तर पिवळीधमक. पिवळी झाली म्हणजे पाण्यात जंतू. क्लोरिनची तपासणीची गोळी टाकली की पाणी गुलाबी व्हायला पाहिजे, तर तेही ढिम्म. क्लोरिन शून्य. टाकीत क्लोरिन मी स्वतः मोजून सोडते. तोच पाइप दवाखान्याला जातो आणि तोच मशिदीला. मग मधल्या मध्ये ते जातं कुठे?

मुख्य भूमीवर पर्थला कार्लला फोन केला. कार्ल माझा साहेब. बेटावर दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा त्याला बोट लागली. म्हणाला, "एखाद्या वेळी होतं असं. पुन्हा नमुना घे. चव कशी आहे पाण्याची?"

"रोजा आहे माझा."

"मग संध्याकाळी चाखून बघ."

"संध्याकाळी मी माझ्या घरी रोजा सोडते, कार्ल. मशिदीत पुरुष सोडतात."

हे मात्र खरं की बेटावरच्या माणसाला या कामावर पहिल्यांदाच घेतलंय, आणि तीही बाई. माझं चुकलं तर "बघा, सांगितलं नव्हतं?" म्हणायला दोन्ही किनाऱ्यांवर माणसं तयार आहेत.

शुक्रवार, ७ मार्च

आज मिरच्यांचं सांबल करपलं. नदिरा अभ्यासाची वही घेऊन मागे लागली आणि मिरच्या काळ्या झाल्या. घरभर ठसका. पाक नदिरा धक्क्यावरून आला तो खोकतच आत आला. नेक मात्र शांतपणे भातावर घेऊन जेवले आणि म्हणाले, "छान झालंय." सासरा असावा तर असा.

(आमच्याकडे पहिलं मूल झालं की आईबापांची नावं संपतात. मी माक नदिरा, नवरा पाक नदिरा, आणि सासरे नेक नदिरा. सात वर्षांच्या पोरीच्या नावावर अख्खं घर चालतं, आणि ते तिला पक्कं माहीत आहे.)

तिला ओरडलेसुद्धा. स्वयंपाकघरात किल्ल्यांचे तीन खिळे आहेत. मशिदीमागच्या पावसाच्या टाकीच्या नळाची किल्ली आपला खिळा सोडून होडीच्या किल्लीच्या खिळ्यावर लटकत होती. तो नळ मी दोन वर्षांपूर्वी कुलूप लावून बंद केला. मशिदीच्या छपरावर समुद्रपक्षी बसतात आणि छपरावरचं सगळं टाकीत उतरतं. नदिरा म्हणाली, "मी नाही हात लावला." तिचं हे नेहमीचंच आहे.

जुम्याच्या नमाजेआधी हौदाचा तरंगता गोळा, हौद भरला की पाणी थांबवणारा, तपासायला गेले होते. नेक मशिदीचे बिलाल आहेत. बांग द्यायची आणि वजूच्या, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुण्याच्या पाण्याची राखण करायची, हे काम एकतीस वर्षं त्यांच्याकडे आहे. पूर्वी दर शुक्रवारी इमामसाहेब सगळ्यांसमोर विचारायचे, "बिलाल, पाणी कसं आहे?" नेक ओंजळ नाकाशी नेऊन म्हणायचे, "रंग नाही, चव नाही, वास नाही." मग लोक वजूला बसायचे. मी लहान असल्यापासून हे ऐकत आले. हल्ली इमाम नुसतं विचारतात, "हौद भरलाय ना?" आणि नेक मान हलवतात. इमाम युस्री आळसावलेत असं माझं मत आहे. त्यांना सांगायला पाहिजे.

सोमवार, १० मार्च

पुन्हा पिवळी.

वर खारटपणा मोजायचं यंत्रही बिघडलं. आमच्या जमिनीखालचं पाणी जन्मापासून मचूळ. हौदाच्या पाण्यात यंत्र बुडवलं तर म्हणतं, मीठ जवळजवळ नाहीच. या बेटावर मीठ नसलेलं पाणी! यंत्राला चापट मारली. शाळेच्या नळाला मात्र त्याने बरोबर आकडा दाखवला. बहुतेक सेल सैल असेल. नवीन यंत्र मागवलं, शुक्रवारच्या विमानाने येईल.

इमामसाहेब काल रात्री तरावीहच्या नमाजेतून मधेच उठून पळाले. त्यांच्यामागून दुकानवाला, आणि त्याच्यामागून शाळेचे एक मास्तर. आज सकाळी सगळं बेट गालातल्या गालात हसत होतं. मला हसू आलं नाही. तिघांनीही मशिदीत त्याच पाण्याने रोजा सोडला होता.

कार्लचा आवाज आज वेगळा होता. "चोवीस तारखेला तिसरा अधिकृत नमुना. तो नापास झाला तर मशिदीचं पाणी बंद करावं लागेल. आणि दुसरं कुणीतरी येऊन तुझी कामाची पद्धत बघेल." ईद एकतीसला आहे. ईदच्या दिवशी मशिदीच्या दाराला 'पाणी बंद'ची पट्टी बांधलेली दिसेल आणि खाली माझी सही.

मंगळवार, ११ मार्च

मशिदीत प्यायच्या पाण्यासाठी दवाखान्यातून कॅन भरून नेते म्हटलं, तर इफ्तारला बसताना नेकांशी वाद झाला.

ते म्हणाले, "हौदात पाणी किती आहे? किताबात सांगितलेल्या दोन रांजणांहून किती तरी जास्त. एवढ्या पाण्याचा रंग, चव आणि वास बदलला नाही, तर ते पाक, शुद्ध. माझ्या बापाने शिकवलं, त्याला त्याच्या बापाने."

"जंतूंना रंग नसतो, नेक. चव नसते. वासही नसतो."

"मग ते पाणी बाटवतात कसे?"

"बाटवत नाहीत. पोट बिघडवतात."

"म्हणजे पाणी पाक आहे हे तुलाही मान्य आहे."

पाक नदिराने माझ्या ताटात मासा वाढला, म्हणजे मी गप्प बसावं. मी गप्प बसले. पण वाद घालताना नेकांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. हातातला खजूर त्यांनी तसाच धरला होता. आणि कॅनला हो म्हणाले. इतक्या पटकन हो म्हणतील असं वाटलं नव्हतं.

शनिवार, १५ मार्च

पाक नदिरा बाहेरच्या ओट्यावर माशाची पिशवी विसरला. परवापासून. दुपारी दार उघडलं तर डोळ्यांना पाणी आलं. नेक त्या पिशवीशेजारी दोन तास बसून जाळं विणत होते. विचारलं तर म्हणाले, "वारा उलटा होता." वारा नव्हताच. म्हातारपणी माणसं हट्टी होतात हेच खरं.

सोमवार, १७ मार्च

नवं यंत्र आलं आणि तेही तेच म्हणतं. हौदात मीठ नाही. दोन यंत्रं एकाच वेळी बिघडली यावर माझा विश्वास बसत नाही, पण दुसरं काय मानू?

मग मला वाटायला लागलं की चूक माझीच आहे. क्लोरिन कमी पडत असेल. शनिवारपासून मात्रा वाढवली. आता शाळेच्या नळाला पोहण्याच्या तलावासारखा वास येतोय आणि बायका मला दुकानात विचारतात, "माक नदिरा, आज पाणी आहे का औषध?" हौदात अजून शून्यच.

जेवताना नेकांनी हळूच विचारलं, "वास फार येतो का गं हल्ली नळाला?"

मी आधीच वैतागलेली. म्हटलं, "तुम्हाला येत नाही का? नाक आहे की नाही?"

ते ताट उचलून आत गेले. अर्धा भात तसाच होता. सासऱ्यांशी असं बोलायला नको होतं, हे मला कळतं. उद्या माफी मागेन.

बुधवार, १९ मार्च

माफी मागायची राहिली. दिवसभर पंपात डोकं.

गुरुवार, २० मार्च. विसावा रोजा.

सगळं नीट लिहून काढते, नाहीतर उद्या मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

दुपारची नमाज झाल्यावर मशिदीत कुणी नसतं. हौदाच्या तरंगत्या गोळ्यात काही अडकतंय का बघायचं म्हणून गेले. बायकांच्या बाजूच्या जाळीमागे हत्यारांची पेटी उघडून बसले होते, तेवढ्यात नेक आले. मी हाक मारणार, तर ते हौदाच्या काठावर गुडघे टेकून वाकले. ओंजळीत पाणी घेतलं आणि नाकाशी नेलं. सोडून दिलं. पुन्हा घेतलं. पुन्हा. पाच-सहा वेळा तरी. मग चेहरा जवळजवळ पाण्याला टेकवला आणि डोळे मिटून श्वास ओढला. उठले तेव्हा दाढीतून पाणी गळत होतं, आणि ते तोंड पुसत होते का डोळे, ते मला कळलं नाही.

मग त्यांनी हौदाच्या तळाचं बूच काढलं. पाणी वाहून गेलं. मोठ्या पाइपची चावी बंद केली. कमरेच्या सारोंगच्या गाठीतून किल्ली काढली, आमच्या स्वयंपाकघरातली, आणि मागे जाऊन पावसाच्या टाकीचा नळ सोडला.

माझ्या हातातला पाना खाली पडला.

करपलेलं सांबल. माशाची पिशवी. किल्ली. मीठ नसलेलं पाणी, अहो, पावसाच्या पाण्यात मीठ कुठून येणार? मी यंत्राला चापट मारत होते. आणि सोमवारी त्या माणसाला मी विचारलं होतं, नाक आहे की नाही.

मी जाऊन आधी नळ बंद केला. मग त्यांना घेऊन हौदाच्या काठावर बसले. हौदात शेवटचे थेंब पडत होते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गेल्या वर्षी ताप आला होता ना. ताप गेला, आणि हे राहिलं. आठ महिने झाले."

"सांगायचं नाही?"

"कोणाला? एकतीस वर्षं सगळं बेट माझ्या नाकावर वजू करतं, मुली. आधी वाटलं येईल परत. मग युस्रीने विचारणंच सोडलं. म्हणजे त्याला कळलं. त्याचा माझ्यावर विश्वास राहिला नाही. तोंडावर बोलला नाही, भला माणूस आहे." थोडं थांबून म्हणाले, "तुझं औषध पाण्यात किती आहे, वास बदलला की नाही, मला काय कळणार? तुझे कॅन यायच्या आधी सगळी माणसं या पाण्याने रोजा सोडायची, वजू तर अजून करतात. शंकेच्या पाण्याने कसं करू देऊ? पावसाचं पाणी आभाळातून येतं. त्याच्याबद्दल किताबात कुणालाच शंका नाही. म्हणून रमजानच्या आदल्या गुरुवारपासून दर गुरुवारी तेच भरायला लागलो."

"आभाळातून येतं, पण छपरावरून येतं, नेक. पक्षी."

ते दचकले. "युस्रीचं पोट?"

मी मान हलवली.

त्यांनी दोन्ही हात डोक्याला लावले. म्हणाले, "मी इमामाला नमाजेतून पळवलं." मला त्या क्षणी रडू येत होतं, पण हे ऐकून हसू आलं, आणि मग ते थांबेना. नेक माझ्याकडे रागाने बघत होते आणि मग त्यांचेही खांदे हलताना मी पाहिले.

सूर्यास्ताला अडीच तास होते. आम्ही दोघांनी हौद घासला. त्यांना एकाहत्तर वर्षं झाली आहेत आणि दिवसभर पाण्याचा थेंब नाही, पण ब्रश माझ्या हातात द्यायला तयार नव्हते. टाकीत साधं पाणी सोडून मी क्लोरिनची मात्रा पुन्हा पूर्वीसारखी केली, पाइपमधलं जुनं पाणी वाहू दिलं. त्यानंतर मोठ्या पाइपचं पाणी हौदात भरलं. मग छोटी काचेची नळी काढली, त्यात हौदाचं पाणी घेतलं आणि गोळी टाकली. हलवली. हळूहळू फिकट गुलाबी.

नेकांनी नळी उन्हात धरली. "हे काय?"

"हा तुमचा वास. औषध किती आहे ते. गुलाबी झालं नाही तर औषध नाही, म्हणजे जंतूंना रान मोकळं. गडद झालं तर औषध जास्त, माझी चूक. एवढा फिका पाहिजे."

त्यांनी नळी कितीतरी वेळ खाली ठेवली नाही. "डोळे चांगले आहेत माझे," ते म्हणाले. "सुईत दोरा अजून मीच ओवतो."

शुक्रवार, २१ मार्च

आता अहवालाचं काय?

कार्लला कारण लिहून द्यायचं आहे. कारण नाही दिलं तर दोष माझ्या कामाचा, आणि नोकरीचं काही खरं नाही. दिलं तर बेटाच्या बिलालचं नाव सरकारी कागदावर, आणि इथे कागद यायच्या आधी बातमी येते. सकाळी मी लिहिलं: "पावसाच्या पाण्याच्या नळाची झडप उघडी राहिली होती. आता बंद केली आहे." खोटं नाही. पण वाचून मला बरं वाटलं नाही. कुणी उघडली, हे पुढच्याच फोनवर विचारतील.

नेक मागे येऊन उभे राहिले. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. म्हणाले, "यात मी कुठे आहे?"

"नाही आहात."

"लिही."

"नेक, कशाला..."

"मी केलं, मीच लिहायला सांगतोय. तुझ्या नोकरीवर माझा दोष नको. आणि नेक नदिरा लिहू नकोस, त्या साहेबाला वाटेल पोरीने केलं."

मग त्यांचं खरं नाव लिहिलं, मारवी बिन सलेह. अक्षरं जुळवताना ते शेजारी उभे राहून बघत होते. या नावाने त्यांना शेवटची हाक कुणी मारली असेल? सासूबाई गेल्यापासून घरात तरी कुणीच नाही.

शनिवार, २२ मार्च

नेक स्वतः इमामांकडे गेले. मला दारात उभं राहायला सांगितलं, साक्षीला म्हणे.

इमामांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "मारवी, तुझं नाक गेलं हे मला गेल्या जुलैतच कळलं होतं. तू माझ्या घरी नासलेला फणस अर्धा खाल्लास! चार लोकांसमोर तुला खोटं बोलावं लागू नये म्हणून मी विचारणं सोडलं."

"मला वाटलं, माझ्यावरचा विश्वास गेला."

"मला वाटलं, मी तुझी अब्रू राखतोय."

 आठ महिने, एकाच भिंतीला पाठ टेकून रोज पाच वेळा भेटत होते हे दोघं म्हातारे.

मग इमामांनी औषधाच्या पाण्याचाही निवाडा करून टाकला. म्हणाले, पाणी टिकावं म्हणून त्यात घातलेल्या वस्तूचा थोडा वास आला, तर पाण्याचं पाणीपण जात नाही, वजू होते. आणि ज्याने माणसाला अपाय होतो ते पाणी पाक असलं तरी लोकांना पाजायचं नाही. "हे मी माझ्या पोटाच्या अनुभवाने सांगतोय," असंही वर म्हणाले. त्या दिवशी इफ्तारला मी नेकांशी जे भांडले, त्यात दोघंही बरोबर होतो म्हणायचे. मला हे आवडलं नाही, पण चालेल.

मंगळवार, २५ मार्च

कालचा तिसरा नमुना. रात्री झोप नाही. सकाळी पेटी उघडायला हात धजेना, तर नदिराने मधे घुसून उघडली.

बाटली पाण्यासारखी. जंतू नाहीत. खारटपणा आमच्या नेहमीसारखा, मचूळ. मचूळपणाचं एवढं कौतुक मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. जमिनीवरच बसले आणि रडले. नदिरा म्हणाली, "पिवळी नाही ना? मग का रडतेस?"

कार्लने संध्याकाळी फोन केला. अहवाल वाचला होता. "या मारवीला आपण तपासणीच्या गोळ्यांचा एक डबा कायमचा देऊ शकतो का? रोज बघणारा माणूस आपल्याकडे कुठेच नाही." बाकी दुसऱ्या माणसाला पाठवायचा विषयच त्याने काढला नाही. मी विचारलं नाही. फोन ठेवल्यावर पाठ मोकळी झाल्यासारखी वाटली, म्हणजे महिनाभर आखडली होती.

शुक्रवार, २८ मार्च

आज मुद्दाम जुम्याला लवकर गेले आणि जाळीमागे उभी राहिले.

सगळे जमले. नेक हौदाच्या काठावर, नवा सारोंग, हातात काचेची नळी. इमामसाहेब आले, थांबले, आणि आठ महिन्यांनी पहिल्यांदा मोठ्याने विचारलं, "बिलाल, पाणी कसं आहे?"

नेकांनी नळी उंच धरली.  मग म्हणाले, "रंग नाही. चव तुम्ही संध्याकाळी बघा. वास मला येत नाही. ताप आला तेव्हापासून येत नाही. पण औषध बेतात आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि सुनेने मोजलं."

 मला वाटलं, आता कुणीतरी हसणार, आणि हसला तर मी जाळी तोडून बाहेर येणार होते. दुकानवाला पुढे झाला, तोच, इमामांच्या मागून पळालेला. नेकांच्या हातातली नळी बघून म्हणाला, "जरा जवळून दाखवा." नेकांनी दाखवली. त्याने मान हलवली आणि वजूला बसला. मग त्याच्यामागे बाकीचे बसले.

सोमवार, ३१ मार्च. ईद.

सकाळपासून घरात पाय ठेवायला जागा नाही. पानांच्या विणलेल्या पुड्यांतला केतुपातचा भात उकडतोय, कोंबडीचा ओपोर गॅसवर. नेक ईदच्या नमाजेहून येऊन चुलीपाशी खुर्ची टाकून बसले. मी झाकण काढलं तसे म्हणाले, "सांग."

"काय?"

"कसा येतोय?"

मग मी चमचा हातात धरून सांगत बसले. नारळाचं दूध आधी, मग गवती चहा, मग खाली कुठेतरी हळद, आणि कोंबडी अजून थोडी कच्ची. ते डोळे मिटून ऐकत होते. नदिरा मधेच म्हणाली, "आणि नेक, तळाला करपतंय."

"बघ तुझ्या आईकडे," नेक म्हणाले, "नाक आहे की नाही?"